इंजिनाला नकोशी झालेली ऊब

यंदा लातुरात थंडी जरा उशिरा आली, पण आली ती चांगली तयारीनिशी. पहाटे साडेपाचला गॅलरीत उभी राहिले की क्लासला निघालेली मुलं दिसतात. एका स्कूटीवर दोघी-दोघी, कानाला मफलर, तोंडातून वाफ. दाळ मिलकडून वारा आला तर तुरीच्या भुशाचा कोरडा, किंचित गोड वास येतो. येळवस, आमच्याकडची वेळ अमावस्या, आठवड्यावर आली आहे, म्हणजे खालच्या मजल्यावर आंबिलासाठी ताक साठवायला सुरुवात झाली असणार. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला डॅशबोर्डवरचा एक काटा आठवतो.

यंदा तो तुझ्यामुळे आठवला, मुक्ता. परवा तुझा निरोप आला. तिकडच्या बर्फात तू एक जुनी गाडी घेतलीस, तुझ्याइतक्याच वयाची, आणि तिचा हीटर लावला की थंड हवा येते. "आजी, पाय बधिर होतात. पण आईला सांगू नकोस, ती पुण्यात बसून घाबरेल." मी लगेच फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच. "आत्ता पाय गरम आहेत का?" मागून तुझ्या भावाचं, ओजसचं, हसणं ऐकू आलं. "आला! आजीचा विंटर क्वेश्चन आला!" हसा बाळांनो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तुम्हाला अभ्यासाचं विचारत नाही, जेवणाचं विचारत नाही, पायांचं विचारते, हे खरं आहे. त्याचं कारण तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज लिहून ठेवते.

आधी गाडीचं सांगते. इंजिन चालू झालं की तापतं. त्याच्याभोवती फिरणारं पाणी ती उष्णता उचलून पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये नेतं. जाळीमागचा पंखा हवा ओढतो, पाणी निवतं आणि परत फिरतं. पण इंजिन गार असताना पाणी जाळीकडे जाऊच नये म्हणून मधे एक छोटा दरवाजा असतो. पाणी पुरेसं तापलं की तो आपोआप उघडतो. पुस्तकात त्याला थर्मोस्टॅट म्हणतात, आमच्याकडच्या गॅरेजात नुसतं 'वाल'. आणि त्याच गरम पाण्याची एक चिमुकली जाळी डॅशबोर्डच्या आत असते. तो हीटर. म्हणजे हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिनाला जी उष्णता नकोशी झालेली असते, तीच तो आपल्या पायांकडे वळवतो.

शास्त्र एवढं पुरे. आता मराठवाडा.

आमच्याकडे नवी गाडी आली की तिचे दोन संस्कार होत. पहिला नारळ आणि चाकाखाली लिंबू. दुसरा सत्तारभाईंच्या गॅरेजात. तिथं वाल काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा. डायरेक्ट म्हणजे इंजिन तापो न तापो, किल्ली फिरवली की पंखा सुरू. याचं कारण मे महिना. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अहमदपूरच्या रस्त्यावर ज्याच्या गाडीनं एकदा उकळी फोडली, तो मेकॅनिकला म्हणे, काय वाट्टेल ते करा पण गाडी गार ठेवा. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आम्ही डिसेंबरात बर्फासारखं ताक फुंकून पीत होतो.

आमची पांढरी गाडी आली तेव्हा मी विरोध केला होता. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, आणि जिथं महत्त्वाचं तिथं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. वाल काढू नये असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. पण सत्तारभाईंच्या आजोबांनी निजामाच्या काळातल्या मोटारी दुरुस्त केलेल्या. तुमच्या आजोबांनी सत्तारभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अगं, ज्याचं काम त्यानं करावं." वाल निघाला. पुढची सात वर्षं गाडी एकदाही तापली नाही, हे मान्य करायला हवं. हीटरची दांडी मात्र नुसती शोभेला राहिली. पण लातुरात हीटर लागतो कुणाला?

तो लागला, तू आलीस तेव्हा.

तुझी आई नांदेडला माझ्या बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली होती, आणि तू दीड महिना आधीच आलीस. तुझे बाबा तेव्हा परदेशात, रजेच्या खटपटीत. तुला काचेच्या पेटीत ठेवलं. त्या पेटीत पिवळा दिवा होता, आणि त्याखाली तू, जेमतेम माझ्या दोन वितींएवढी. मी शनिवारी कॉलेज सुटलं की लातूरहून निघे आणि सोमवारी पहाटे नांदेडहून परत. विष्णुपुरीपाशी गोदावरीवरचं धुकं रस्त्यावर आलेलं असे, दिव्यांच्या उजेडात दुधासारखं. मी दोन मोजे घालून गाडी चालवी, तरी क्लच दाबणारा पाय आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नसे. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं तर तो तळाशी झोपलेला. नांदेड ते लातूर, तीन तास, आणि इंजिन एकदाही धड गरम होत नव्हतं. बिनवालाचं पाणी आणि थांबायचं नाव न घेणारा पंखा. मी ते वहीत लिहून ठेवलं. मला कुठलीही गोष्ट लिहिल्याशिवाय पटत नाही.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घरी न्या. दूध ओढतेय, वजन वाढतंय. इथं रोज नवी बाळं येतात, त्यांच्याबरोबर खोकले येतात." मग त्यांनी माझा हात धरून तुझ्या पोटावर ठेवला, आणि मग तळपायावर. "हे दोन्ही सारखे गरम हवेत. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे तिला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले तर पुढे जाऊ नका, गाडी वळवून थेट इथं या. बाळाला आईच्या छातीशी ठेवा आणि गाडी आतून ऊबदार हवी. इतक्या लहान बाळाला थंडी सोसत नाही, मॅडम. ती रडत नाही. नुसती गप्प होते."

ते शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

स्टँडवर जाऊन टॅक्सीवाल्यांना विचारलं, हीटर आहे का. एकजण बोनेटवर बसून शेंगा खात होता. म्हणाला, "हाय की. दुपारी दोनला बसा, सगळी गाडीच हीटर होती."

दुपारीच आणायचं असं आम्हीही ठरवलं होतं. पण शुक्रवारी कळलं की शनिवारी सकाळी नऊपासून लोह्याच्या रस्त्यावर रास्ता रोको आहे, आणि मागण्या मान्य होईपर्यंत उठणार नाहीत. किती दिवस, कुणालाच माहीत नाही. म्हणजे शनिवारी पहाटेच निघायचं. वर्षातली सगळ्यात गार वेळ, आणि आमची ती फ्रिजसारखी गाडी. मी त्याच शुक्रवारी सकाळी गाडी सत्तारभाईंच्या दारात उभी केली.

"सत्तारभाई, वाल परत बसवा. आणि फॅनचं डायरेक्ट काढा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मॅडम, तुमी पुस्तक वाचून राहिल्या. पुस्तक थंड मुलकातलं हाय. गाडी लातूरची हाय."

"नातही लातूरची आहे. दोन किलोची पण नाही अजून."

त्यांनी फडक्याला हात पुसले. आत गेले आणि तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डबा वालांनी भरलेला होता. पितळी, गंजलेले, चकचकीत, कुणाच्या गाडीचे, कुणाच्या जीपचे. निम्म्या लातूरचा हिवाळा त्या डब्यात होता.

"हे सगळं ठेवलंत तुम्ही?"

"काहाडलेलं फेकत न्हाई मी. अमानत हाय. कुनी परत मागितलं तर?"

"आजपर्यंत मागितलं कुणी?"

"हाव," सत्तारभाई म्हणाले, "तुमी."

त्यांनी डब्यात बोटं फिरवून एक वाल काढला आणि तो आमचाच आहे असं छातीठोक सांगितलं. मी म्हटलं, सात वर्षं डब्यात पडलेला वाल उघडतो की नाही ते आधी पाहू. पुस्तकात रीत दिली होती. शेजारच्या हॉटेलवाल्या यादवमामांकडून एक पातेलं मागून घेतलं, सुतळीला बांधून वाल पाण्यात सोडला आणि स्टोव्ह पेटवला. यादवमामा कमरेवर हात ठेवून उभे. "मॅडम, ह्या पातेल्यातला चहा आता कुनाला पाजू?" "तुमच्या उधारीवाल्यांना पाजा," सत्तारभाई म्हणाले. पाणी थरथरायला लागलं, आणि वालाची मधली चकती हळूच वर उचलली गेली. मोड आलेल्या मटकीसारखी. आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. सत्तारभाई पुटपुटले, "जिंदा हाय."

बाराच्या सुमारास गाडी तयार झाली. मी इंजिन चालू करून काट्यावर नजर ठेवली. सात वर्षांत पहिल्यांदा तो उठला आणि मधोमध येऊन थांबला. हीटरमधून गरम हवा आली, थोडी धुळीच्या वासाची. मी वहीत खूण केली आणि आजोबांना घेऊन नांदेडला निघाले. पंखा वेळेवर लागतो का, तेवढं पाहायचं माझ्याकडून राहिलं. व्यवस्थित माणसाची चूकही व्यवस्थितच असते. यादीत नसलेलं तो पाहत नाही.

शनिवारी साडेपाचला दवाखान्याच्या दाराशी गाडी दहा मिनिटं आधीपासून चालू ठेवली होती. आत अगदी माजघरासारखी ऊब. मागच्या सीटवर तुझी आई, तिच्या स्वेटरच्या आत, छातीशी तू. वरून शाल. बाहेर फक्त तुझ्या टोपीचा गोंडा. आजोबा माझ्या शेजारी. हीटरची दांडी मी अर्ध्यावरच ठेवली, कारण फार कोरडी हवा तुला सोसेल की नाही याची धास्ती होती. विष्णुपुरीचं धुकं मागे पडलं. काटा मधोमध. मी आयुष्यात इतकी नीट गाडी कधी चालवली नसेल. प्रत्येक गतिरोधकावर मी मनात माफी मागत होते.

लोह्याच्या अलीकडे पुढचे लाल दिवे दिसले. आंदोलनवालेही पहाटेच उठले होते. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, आणि त्यामागे ट्रकची रांग. आमच्या मागेही दोन ट्रक येऊन लागले. आता पुढे जाता येईना, वळता येईना.

"बघून येतो," म्हणून आजोबांनी दार उघडलं. तेवढ्यात बाहेरचा सगळा गारठा आत शिरला. चोरासारखा नाही, घरच्यासारखा, सरळ मागच्या सीटवर जाऊन बसला.

दोनचार मिनिटांनी तुझी आई म्हणाली, "आई, पाय गार लागतायत."

"पोट?"

"पोट गरम आहे."

मी हीटरच्या दांडीकडे हात नेला, आणि तेव्हाच काटा दिसला. तो मधोमध नव्हता. वर चढला होता, आणि मी पाहत असतानाच आणखी एक केसभर सरकला. पुढून पंख्याचा आवाज येत नव्हता. पहाटेच्या त्या शांततेत तो यायला हवा होता.

बाळांनो, मी घाबरट बाई नाही, पण त्या क्षणी माझ्यापुढे दोनच रस्ते दिसत होते. इंजिन बंद केलं तर ते वाचेल, पण पाच मिनिटांत हीटर गार आणि गाडी पुन्हा फ्रिज. चालू ठेवलं तर ते उकळून कायमचं बंद पडणार, आणि मग ऊबही नाही, गाडीही नाही आणि नांदेडला परतायची वाटही नाही. तुझ्या आईला मी काहीच सांगितलं नाही. ती टोपीच्या गोंड्याकडे पाहत होती. तू रडत नव्हतीस.

आणि मला पुस्तकातलं पान आठवलं. पानाचा उजवा कोपरा, खालच्या दोन ओळी, माझी पेन्सिलीची रेघ. गाडी थांबलेली असताना काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा आणि त्याचा पंखा पूर्ण वेगानं लावा. रेघ मी मे महिन्यासाठी मारली होती. भर उन्हात हीटर लावायचा म्हणजे काय अघोरी उपाय, असं तेव्हा वाटलं होतं. पण कारण साधं आहे. पुढच्या जाळीतून उष्णता जात नसेल तर ती आतल्या चिमुकल्या जाळीतून काढायची. इंजिनाला वाचवायचं तर त्याची ऊब घ्यायची.

मी दांडी टोकापर्यंत ओढली, हीटरचा पंखा तिसऱ्यावर टाकला. गाडीत भट्टीसारखी हवा घुमायला लागली. काटा लाल पट्ट्याच्या जरा अलीकडे थांबला. तिथंच घुटमळला.

शेजारच्या ट्रकमधून देगलूरचा ड्रायव्हर वाकून पाहत होता. त्याच्या ट्रकच्या तोंडावर गोणपाट बांधलेलं होतं, थंडीतल्या म्हशीसारखं. मला घामानं निथळताना पाहून त्यानं ओरडून विचारलं, "अम्मा, थंडीत हीटर फुल? आत काय भाकरी भाजून राहिल्या का?"

"आत बाळ आहे," मी काच दोन बोटं खाली करून म्हटलं. "महिन्याचंही नाही."

तो हसायचा थांबला. दार उघडून उडी मारली आणि पुढे पळत गेला. त्याची हाक या ट्रकवरून त्या ट्रकवर जाताना मला ऐकू येत होती. "बाळंतीण हाय! लहान लेकरू हाय! दाबा रे गाड्या कडंला!" पुढची चाकं एकेक करून मातीत उतरायला लागली.

तेवढ्यात मागून तुझी आई म्हणाली, "आई." मग शालीत हात घालून, "पाय गरम झाले."

मी आरशात पाहिलं. स्वेटरच्या गळ्यातून तुझी एक मूठ बाहेर आली होती, शेंगदाण्याएवढी, आणि ती उघडत होती. काटा एक केस खाली सरकला होता. कोणतं आधी झालं, ते मला सांगता येणार नाही.

बैलगाडीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैलांना मागे रेटून वाट केली. काचेतून आत डोकावला आणि त्यानं नुसता हात वर केला. आजोबा पळत येऊन आत बसले, लगेच स्वेटर काढला, आणि म्हणाले, "अगं, इथं तर चैत्र आलाय!"

अहमदपूरच्या पुढे चांगलं ऊन पडलं तेव्हा एका करडईच्या रानाशी गाडी थांबवली. इंजिन निवू दिलं आणि मी बोनेट उघडलं. आत दोन गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही पुस्तकात नव्हत्या.

जाळीच्या पुढं पुठ्ठा उभा केलेला होता. नीट कापून, चारी बाजूंनी सुतळीनं बांधलेला. त्यावर करडईच्या बियाण्याचं चित्र होतं. ज्या खोक्यातून आम्ही तुझी झबली आणली होती, त्याचं झाकण. मी वळून पाहिलं. आजोबा रानातल्या करडईचं फार बारकाईनं निरीक्षण करत होते. ते कृषी खात्यात होते, पिकाकडे पाहण्याचं निमित्त त्यांना कधीही मिळे.

"अहो!"

"पहाटे बांधला," ते करडईलाच म्हणाले. "तुझ्या त्या वालावर माझा भरवसा नव्हता. रोप लहान असलं की आच्छादन घालतातच की."

दुसरी गोष्ट पंख्याची वायर. जोडणीतून काढलेली, आणि टोकाला काळी पट्टी गुंडाळून बाजूला बांधून ठेवलेली. इतकी व्यवस्थित पट्टी लातुरात एकच माणूस गुंडाळतो. मी तिथूनच मोबाइल लावला.

वायर कुणी काढली, एवढंच विचारलं. सत्तारभाई म्हणाले, "मॅडम, नाराज होऊ नका. तुमी निघता निघता वहीत लिहत होत्या, तवा काहाडली. म्हनलं फॅन म्हंजी थंडी. लई लहान बच्ची हाय, थंडी कायला पायजे? लातूरला आल्यावर जोडून देनार होतो." मग लगेच विचारलं, "बच्ची कशी हाय?"

"पाय गरम आहेत," मी म्हणाले.

मी वाल बसवला, सत्तारभाईंनी पंखा तोडला, आजोबांनी पुठ्ठा बांधला. तिघांनीही तुझ्यासाठी, आणि तिघांनीही एकमेकांना न सांगता. यातली कुठलीही एक गोष्ट केली असती तर चाललं असतं. तिन्ही मिळून आम्ही गाडी उकळायला आणली होती. त्या करडईच्या रानात आम्ही दोघं बोनेटला टेकून इतके हसलो की तुझी आई मागून रागावली, "हळू हसा, झोपलीय ती."

मी पुष्कळदा त्या सकाळचा विचार करते. तुमच्या पिढीला वाटतं की माया कमी पडते म्हणून घरं बिघडतात. मी जितकी घरं पाहिली, त्यांत बहुतेक ठिकाणी माया भरपूर होती. प्रत्येकानं आपापली गुपचूप केलेली होती. हा त्याला त्रास नको म्हणून बोलत नाही, ती तिला काळजी नको म्हणून लपवते, आणि आत काटा चढत राहतो. ऊब साठवून ठेवायची वस्तू नाही. तिला जायला वाट लागते, आणि ती वाट ज्याला थंडी वाजतेय त्याच्या पायाशी निघाली तर दोघंही वाचतात. हे मला इंग्रजी साहित्यात पदवी घेऊन कळलं नव्हतं. गाडीच्या पुस्तकातल्या खालच्या दोन ओळींनी कळलं.

त्या वर्षी येळवशीला सत्तारभाई आमच्या शेतावर आले. कडब्याच्या खोपीशेजारी तुला मांडीवर घेऊन बसले, आंबील प्यायले, आणि सगळ्यांना सांगत राहिले की हिला मी ओळखतो, हिच्यासाठी लातुरात पहिल्यांदा वाल परत बसला. पंखा त्यांनी नीट जोडून दिला होता. उन्हाळा येताच मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, आता तरी डायरेक्ट करू?" मी नाही म्हटलं. पुढच्या मे महिन्यांत गाडी एकदाही उकळली नाही. ते दरवर्षी विचारत राहिले, मी दरवर्षी नाही म्हणत राहिले. आता गाडी नाही, आजोबाही नाहीत. सत्तारभाई आहेत, हात थरथरतात म्हणून पाना धरत नाहीत. पुस्तक माझ्या कपाटात आहे, आणि तो पुठ्ठाही. त्यावरची करडई अजून पिवळी आहे.

आता तुझ्या गाडीचं, मुक्ता. परवा फोनवर सांगितलं तेच पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवते. इंजिन पूर्ण गार असताना पाण्याची पातळी बघ. गरम असताना ते झाकण कधीही उघडायचं नाही, हे दोनदा वाच. पाणी ठीक असेल आणि काटा गाडी चालवतानाही तळाशीच राहत असेल, तर वाल पुन्हा उघडा अडकला आहे. तुमच्याकडच्या मेकॅनिकला एवढंच सांग. तो विचारेल, तुला कसं कळलं, तर सांग की लातूरच्या एका डब्यात याचे बरेच भाऊबंद आहेत.

आणि एक कबुली. रागावू नकोस. तू म्हणालीस, आईला सांगू नकोस. मी एक दिवस गप्प राहिले. मग वाटलं, ही पुन्हा तीच वायर काढून पट्टी गुंडाळणं झालं. काल सकाळी मी पुण्याला फोन केला आणि तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तिनं हीटर, बर्फ, जुनी गाडी यातलं काहीच विचारलं नाही. तिनं एकच शब्द विचारला.

"पाय?"

तुझा फोटो त्याआधी दहा मिनिटं आला होता. नवा वाल बसलेला, काटा मधोमध, आणि खाली लोकरीच्या मोज्यांतली तुझी दोन पावलं.

"गरम," मी म्हणाले.